पंख्याची बाई

जिथे नऊ वर्षं मी काजू सोलले
वेंगुर्ल्याच्या त्याच बंद कारखान्यात
त्यांनी दरबार उभा केला.
प्लायवुडचे खांब, थर्माकोलचे हत्ती,
भट्टीच्या जागी सिंहासन.
खाऱ्या वाऱ्याने रंग फुगायचा,
आणि नकाशात कुठेच नसलेलं ते संस्थान
दर सोमवारी नव्याने रंगवावं लागायचं.

माझं काम राणीसाहेबांच्या मागे उभं राहणं.
हातात मोरपिसांचा पंखा. दोनशे चौदा भाग.
पहिल्या दिवशी मेकअपवाल्याने माझी बोटं पाहिली,
काजूच्या चिकाने करपलेली,
म्हणाला, ही दिसायला नकोत,
आणि काहीतरी गोरं फासलं.
संध्याकाळी ते निघालं. बोटं राहिली.

कथा सत्तेचाळीस सालची.
थोरलीला दत्तक हवा,
धाकटीला आपला बाळराजे गादीवर,
दिवाणजींना दोघींकडून पैसे.
गोरा साहेब म्हणून म्हापशाचा एक लोबो यायचा,
बेकरी सांभाळून,
त्याच्या टोपीला पावाचा वास.
सगळं राज्य कुजबुजीवर चालायचं
आणि प्रत्येक कुजबूज माझ्यादेखत.
पंख्याला कान नसतात
असंच धरून चालला होता लिहिणारा.

शर्वाणीबाई, म्हणजे राणीसाहेब,
कॅमेऱ्यात पाय दिसत नसले की स्लीपर घालून बसायच्या.
गळ्यात पाच पदरी प्लास्टिक.
एकदा दिवे लागेपर्यंत मला म्हणाल्या,
राग दाखवायचा तर ओरडायचं नाही.
आधी मान वळवायची. सावकाश. मग डोळे.
आवाज सगळ्यात शेवटी, तोही लागला तरच.
मी वारा घालत राहिले.

त्याच वर्षी गावचं सरपंचपद बायकांना राखीव झालं.
थोरले दीर आले, चहाही न घेता
नवऱ्याला म्हणाले, फॉर्मवर हिची सही घे.
बॅनरवर मी रुपयाएवढी,
ते परातीएवढे.
मी निवडून आले, गुलाल त्यांना लागला.

तेव्हापासून पंचायतीत खुर्चीवर मी,
मागे उभे ते.
कानाशी वाकून, हो म्हण.
कानाशी वाकून, पुढच्या मिटिंगला ठेव.
कधी कधी वाटायचं
यांच्या हातात पंखा तरी द्यावा.

विलीनीकरणाच्या भागात मला एक वाक्य मिळालं.
सरकार, मोटार आली.
महिनाभर घोकलं, बांगडे साफ करताना, विहिरीवर.
नवरा विचारी, खंयची मोटार?
डायरेक्टर म्हणाला, इली नाही हो बाई, आली. आली!
सतरा टेक झाले.

टीव्हीवर तो भाग लागला तेव्हा ओटीवर अख्खी वाडी.
राणीने कागदावर सही केली,
बाहेर हॉर्न वाजला,
राणी उठली.
माझं वाक्य कापलेलं.
हॉर्नवर भागलं त्यांचं.
आवशीचो कोपर बघा, धाकटी ओरडली,
आणि खरंच, डावीकडे, दोन सेकंद,
माझं कोपर होतं.

सेट मोडला. हत्ती भिजून वाहून गेले,
खांब कुणाच्या गोठ्याला लागले,
सिंहासन बाजारातल्या सलूनमध्ये आहे,
दाढीला बसतात त्यात.

काल ग्रामसभा. ठराव सातवा.
कारखान्याची जागा हॉटेलवाल्याला द्यायची.
ज्यांनी तिथे बोटं जाळली त्या बायका
मागच्या भिंतीला टेकून, पदर खोचून.
दीर वाकले. सही कर.

मी पेनाला टोपण लावलं.
दोन्ही हात टेबलावर ठेवले,
सगळ्यांना दिसतील असे.
मान वळवली. सावकाश.
मग डोळे.
ते अर्ध्या शब्दावर थांबले, फाईल हातात तशीच,
आणि बाहेर मासळीचा टेम्पो
रस्ता अडला म्हणून
हॉर्नवर हॉर्न देत होता.

मी म्हटलं, दादानू,
मोटार इली.