उचलून पाहणे

घाटंजीहून पारव्याला जाताना
डाव्या हाताला गफ्फार मिस्त्रींचं टिनाचं शेड आहे.
मागे बोरकुट्यांचं नांगरलेलं वावर,
वैशाखात ढेकळं अशी तापलेली
की चपलेतूनही कळतं.

तिथे मी तीन गाड्या पाहिल्या.

त्याआधी सगळ्यांना विचारून झालं होतं.
भाचा पराग मोबाइलमधून वाचून दाखवायचा,
किती सीसी, टाकीत किती लिटर,
दगडावरून पोट किती उंच.
औषधनिर्माते ढोके म्हणाले, मोठीच घ्या,
लांबच्या रस्त्याला शोभते.
कुणाला शोभते, हे त्यांनी सांगितलं नाही.
आमच्या आशाताई म्हणाल्या, सीट पाहून घ्या मॅडम,
बाकी सारं पुरुषांचं बोलणं.
हे मला पटलं.

बावीस वर्षं उपकेंद्राच्या स्कुटीवर काढली मी,
लसींचा डबा पायाशी,
नाल्यात सायलेन्सर बुडायचा.
आता शाळेच्या जुन्या नकाशावर पेन्सिलीची रेघ ओढलीय:
मुलताई, सागर, झाशी, सिमला, मग वर
काझापर्यंत. रेघ पोचते
तिथेच कागदाची घडी फाटलेली आहे.

गफ्फारभाई इंजिनाचं काहीच बोलले नाहीत.
बिडी विझवली. पहिली गाडी, काळी, भली थोरली,
नागपूरच्या कुण्या डॉक्टरची,
वावरात नेली आणि
झोपलेलं पोर ठेवावं तशी
हळूच आडवी केली.
"चालते त सगळ्याच, बाई.
पडल्यावर कोन उचलते थे पाहू. उचला."

उचलणं मला माहीत आहे.
बंडीतून खाटेवर, खाटेवरून जीपमध्ये;
कळा येताना बाई दोन मणांनी जड होते.
कंबर वाकवायची नाही, गुडघ्यांत बसायचं,
श्वास सोडता सोडता उठायचं.
गाडीला पाठ टेकवली, हँडल मांडीशी ओढलं.
उठली.
पराग टाळ्या वाजवायला लागला.

"पुन्हा."
उठली. कानात शिट्टी वाजली.
"पुन्हा."

नाही उठली.
ढेकळात टाच घसरली, मी बसकण मारली,
पेट्रोलचा वास आला आणि उगाच हसू.
"तीन-तीनदा कशाला पण?" पराग म्हणाला.
गफ्फारभाई त्याच्याकडे न पाहता,
"रस्त्यावर तिसरी बारी असतेच, बाबू."

दुसरी दूधवाल्याची, शंभर सीसीची.
बादलीसारखी उचलली.
पण चढावर तिचं काय होणार,
हे जोडमोह्याकडे मी स्कुटी ढकलत नेते
तेव्हाच मला कळलेलं आहे.

तिसरी वनखात्याच्या लिलावातली, दीडशेची.
हिरवा रंग उडालेला, टाकीवर पोचा,
आणि चार लांब ओरखडे, समांतर.
गफ्फारभाई म्हणतात बाभळीचे.
मी अस्वलाचे धरलेत.

सहा वेळा आडवी केली आम्ही तिला.
सहाव्यांदा हात लटलटले, पण उठली.
सातव्यांदा ती आपणहूनच पडली,
स्टँड मातीत रुतला म्हणून.
मग शेडमधून फुटका तवा आला,
त्याचा पंजाएवढा तुकडा
स्टँडच्या टोकाला वेल्ड झाला,
आणि सीटचा फोम दोन बोटं कापला,
कारण माझ्या टाचा टेकत नव्हत्या.
वेगाचं कुणी विचारलंच नाही.

आरसा एकच आहे, उजवा.
डावा यवतमाळहून येईल, मंगळवारी म्हणे.
तोवर मी वावराला फेऱ्या मारतेय,
डाव्या खांद्यावरून मान वळवत,
तोंडात धूळ.
धुऱ्याशी सायकल धरून ढोके उभे.
"मोठी नाही घेतली?"

ऐकू न आल्यासारखं करून
मी आणखी एक फेरी घेते.