कागद अडकला होता

एक्स्टेंशन तेवीस-अठरा.
उचलला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं:
"मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं."

आपोआप निसटलेली केबल मी टेबलाखाली ओणवी होऊन शोधते,
गुडघ्यांची धूळ झटकते
आणि म्हणते, होतं असं कधीकधी.
सतरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही
की तुमच्या चपलेनं झालं.

कधी तर नुसती दारात जाऊन उभी राहते
आणि मशीन सुरू.
"आत्ता बंद होतं, शपथ!"
बंद असणारच. दातदुखी नाही का थांबत
दवाखान्याच्या पायरीवर.

आमची लॅब कुलाब्याच्या टोकाला.
वाऱ्याबरोबर मीठ आत येतं, फिल्टर लावा नाहीतर पडदे.
मेमरीच्या पट्टीवरचे दात काळवंडतात.
आई देवाची भांडी चिंचेनं घासायची,
मी खोडरबर वापरते,
शाळेतलं, एका बाजूनं निळं.
खरेदी विभागाला अजून कळलेलं नाही
की संगणक विभागाला वर्षाला चार डझन खोडरबरं कशाला.

डॉ. तुळपुळे, वय ब्याऐंशी. दर सोमवारी पासवर्ड विसरतात.
"अहो, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान
सातव्या दशांशापर्यंत झोपेत सांगेन,
हे मेलं राहत नाही."
मग तेच ठेवा, म्हटलं.
पण पुढे किलोग्रॅम लिहा, अक्षरंही लागतात.
तेव्हापासून फोन नाही.
नियमाप्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड मी विसरायला हवा.
इलेक्ट्रॉन कसा विसरू?

सेल्वराणीचं खातं भरलं, थीसिस जमा करायच्या आदल्या रात्री.
पडद्यावर लाल अक्षरांत: जागा शिल्लक नाही.
"इथंसुद्धा?" म्हणाली.
हॉस्टेलच्या खोलीत तिची सायकल पलंगावर झोपते.
फोल्डर उघडलं तर
फायनल, फायनल-दोन, हेच-फायनल, आईशप्पथ-फायनल.
पुसू म्हटलं तर डोळे भरले.
दिली तिला थोडी जागा, माझ्याच वाट्यातली,
कुलाब्यात, समुद्रासमोर,
पागडी न घेता.

आणि हे परवाचं.
तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर.
तक्रार नेहमीचीच: दिवा लुकलुकतो, कागद येत नाही.
रांग उघडली. सगळ्यांच्या पुढे एक काम,
चौदा दिवसांपासून तुंबलेलं.
मालक: निरगुडकर. पानं: एक.
नाव: राजीनामा-दोन.

मागे एकोणचाळीस कामं खोळंबलेली,
कुणाचा आलेख, कुणाचं रजेचं पत्रक,
कँटीनचा आठवड्याचा मेनू.
एक बटण दाबलं की ते पान बाहेर,
दुसरं दाबलं की नाहीसं.
असं बटण दाबण्याचा अधिकार मला आहे,
माझ्या नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलंय.

मी फोन लावला.
सर, रांगेत तुमचं एक पान अडकलंय. सोडू की काढू?

पलीकडे व्हॅक्यूम पंपाचा आवाज,
बराच वेळ नुसता पंपाचा.
मला वाटलं, फोन ठेवून गेले.
"चौदा दिवस?" मग म्हणाले,
"मला वाटलं साहेबांनी वाचलं आणि गप्प बसले."
पुन्हा पंप.
"मी चौदा दिवस त्यांच्याशी बोललो नाहीये."

मी काय बोलणार.
माझं काम प्रिंटरपुरतं.

"काढा," म्हणाले.
आणि लगेच, "नको, थांबा."
आणि मग, "काढा. आज तरी."

काढलं.
एकोणचाळीस पानं भराभर आली, मेनू सगळ्यात आधी.
बुधवारी साबुदाणावडा.

लॉगमध्ये नाव राहतंच, नव्वद दिवस.
मग तेही जातं, खरंच आपोआप.
संध्याकाळी तक्रार बंद करताना
एक रकाना भरावा लागतो: बिघाडाचं कारण.
खालून समुद्राचा, वरून एसीचा आवाज.
मी लिहिलं, कागद अडकला होता.