उशिराचा दाखला

तामात्सुकुरीच्या उत्तर दारापाशी माझी खिडकी.
डावीकडे कमी पडलेलं भाडं भरायचं यंत्र,
उजवीकडे लोकांनी विसरलेल्या छत्र्यांची बादली,
मधे मी, इनागाकी, छातीवर नावाची पट्टी,
आणि काचेला बोलण्यापुरतं भोक.

दुपारी अडीचच्या पुढे
फाटकाची दोन्ही पाखं मिटली एका म्हाताऱ्यासमोर.
तिकीट खोटं नव्हतं, शिळं होतं.
निशिकुजो, सकाळी नऊ बारा.
तिथून इथे यायला पंचवीस मिनिटं पुरतात.

कुठे होतात?
गाडीत, म्हणाले.
पिशवीतून कांद्याच्या पातीचे शेंडे डोकावत होते,
माना टाकून.

आमचा मार्ग गोल आहे.
त्याला शेवटचं स्टेशन नाही,
त्यामुळे कुणी येऊन खांदा हलवत नाही,
चला आजोबा, उतरा, असं म्हणत नाही.
बसून राहिलं की शहर पुन्हा पहिल्यापासून येतं:
कालवा, किल्ल्याकडची झाडं,
चौथ्या मजल्यावर वाळत घातलेली तीच निळी विजार.

आठ वेळा त्सुरुहाशीला दार उघडलं,
आठ वेळा भाजल्या मांसाचा वास आत आला,
आठ वेळा त्यांनी पिशवी मांडीवरून उचलली,
कारण पुढचंच स्टेशन आमचं.
सात वेळा परत ठेवली.

मग भोकाशी तोंड आणून, हळूच:
उशिराचा दाखला मिळेल का?

आमच्याकडे मिळतो तो.
तळहाताएवढा पातळ कागद, कडेने मिनिटांचे चौकोन,
पाच, दहा, वीस, तीस,
जेवढी गाडी रखडली तेवढ्यावर आम्ही भोक पाडतो.
तो दाखवला की साहेब गप्प बसतो,
शाळेत बाई हजेरी लावतात.
म्हाताऱ्याने शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं.
साठ आणि त्यापुढे.
हा चालेल, म्हणाले. सहा वर्षं झालीत.

लेकीकडे निघालो होतो. सातोए.
तिच्या आईच्या दिवसाला मी एक वाक्य बोललो होतो.

कोणतं, ते मी विचारलं नाही.
ती खिडकी वेगळी.

आज गाड्या वेळेवर आहेत, मी म्हटलं,
आणि हे म्हणताना पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली.
त्यांनी मान लववली, अगदी खाली,
जणू चूक वेळापत्रकाची नव्हे याची त्यांना खात्री होती.
मी बाजूचं फाटक उघडलं.
आठ फेऱ्यांचं भाडं नियमाने बरंच निघत होतं.
ते माझ्याच्याने मागवलं नाही.

दोन चाळीसला फोन वाजला.
तेन्नोजीला वरच्या तारेत कुणाची तरी चादर अडकली,
वाऱ्याने गच्चीवरून आलेली, फुलाफुलांची.
गाड्या आठ मिनिटं मागे.
माझ्याच तोंडून कर्ण्यात क्षमा मागितली गेली,
आणि हात पंचाकडे गेला.
आठाला पाचाचा चौकोन अपुरा पडतो.
दहावर भोक पाडलं.

सहकाऱ्याला म्हटलं, एक मिनिट.
नोकरीतलं पहिलं खोटं मिनिट.

ते अजून सिग्नलपाशीच होते.
समोरचा हिरवा माणूस लाल झाला,
पुन्हा हिरवा झाला, पुन्हा लाल,
आणि हे पिशवी धरून उभे,
गाडीतून उतरूनही गाडीतच.

दोन्ही हातांनी कागद दिला.
त्यांनी उजेडाकडे धरला,
भोकातून रस्त्यापलीकडे बघितलं.
दहाच?
बाकीचा उशीर रेल्वेचा नाही हो, मी म्हटलं.

हसले असावेत. मला पाठ दिसली.
पुढच्या हिरव्याला ते निघाले,
पात हलत होती दर पावलाला,
आणि पलीकडे पोचल्यावर कुठे वळले
ते मधे आलेल्या बसमुळे दिसलं नाही.

खिडकीपाशी तोवर अकराजण रांगेत,
सगळ्यांना दाखला हवा,
सगळ्यांचा उशीर सारखाच, आठ मिनिटांचा.