कोरे गोल

डॉक्टरबाईंनी कागदावर झाड काढलं.
बायकांना गोल, पुरुषांना चौकोन.
जिला दुखतं तिच्या गोलात काळी शाई.

आईकडचे गोल सगळे कोरे निघाले.
आई, मावशी, मावशीच्या तिघी,
पाळीच्या दिवशीही बर्फात स्की करणाऱ्या
ठणठणीत बायका.
मग मीच कुठून उपटले?

"वडिलांकडचं सांगा."

माझं नाव सायउन थोरग्रीम्सदोत्तिर.
दोत्तिर म्हणजे मुलगी.
आइसलँडमध्ये बापाचं नावच
मुलीच्या मागून चालत येतं.
त्याच्याबरोबर आणखी काही येत असेल
हे कधी मनात आलं नव्हतं.

सिग्लुफ्योर्दुरला गेले. बाबा शेडमध्ये जाळं विणत होता.
सांगितलं : गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी
नको तिथं उगवतं, आतड्यावर, अंडाशयामागे,
दर महिन्याला रक्ताळतं,
आणि त्याला बाहेर यायला दार नसतं.
"आपल्याकडे असलं काही नाही," तो म्हणाला.
चार गाठी मारल्या.
पाचवी अर्धीच राहिली.

"योरुन."

हेरिंगच्या कारखान्यात, महिन्यातून दोन दिवस
आत्या मिठाच्या गोणींवर आडवी व्हायची.
मुकादम म्हणायचा, नाटकं.
आजी म्हणायची, बाईनं पोटात ठेवावं.
"मी अकरा वर्षांचा. गरम पाण्याची बाटली
कोटाखाली लपवून न्यायचो."

तिला मूल झालं नाही.
गावाला आठवतं ते एवढंच.

"म्हणजे हे माझ्यामुळे?"
नाही रे. एकटा कुणीच दोषी नसतो.
बारीक बारीक शेकडो फरक,
एकेकाचा धक्का नखाएवढा,
काही तुझ्यातून आले, तुला न दुखवता,
काही आईतूनही आले असतील.
कोरा गोल म्हणजे रिकामा गोल नव्हे.
आणि असूनही एखादीला होत नाही.
ते का, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

त्यानं पेन मागितलं.
जाळ्याची सुई धरावी तसं मुठीत धरून
योरुनचा गोल भरला,
शाई रेघेबाहेर गेली, तरी भरत राहिला.

खाली माझ्या इल्वाचा गोल होता. नऊ वर्षांची.
त्याला दोघांनीही हात लावला नाही.

मग तो उठला, किटली ठेवली,
कपाटात बराच वेळ काहीतरी शोधलं.
मला तेव्हा दुखत नव्हतं.
तरी बाटली घेतली.