सहावी वळी

सोबात नदीच्या या काठाला
जन्माची नोंद कुणी ठेवत नाही.
माझ्याकडे रजिस्टर आहे, पेन आहे,
आणि ‘वय’ नावाचा एक रकाना.
त्यात एवढंच ठरवायचंय :
अठराच्या अलीकडे, की पलीकडे.

चिंचेखाली चटई एकच.
एका टोकाला कमांडर थोआन, बूट न काढता.
दुसऱ्या टोकाला न्याबुआय,
तीन दिवस चालून आलेली.
मध्ये पाण्याचं मडकं,
अजून कुणी हात न लावलेलं.

“एकोणीस,” थोआन म्हणाला.
“चौदा,” ती म्हणाली.
“त्याच्या कपाळावर अजून एक रेघ कोरलेली नाही. बघ.”
“लढाईत रेघा कोरायला सवड कुणाला? एकोणीस.”
“चौदा.”
दुपारपर्यंत इतकंच.
म्हातारे तंबाखू चघळत राहिले,
मी समासात उगाच रेघा मारत राहिलो.
बोलणी म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच असतात :
एका दोराची दोन टोकं,
आणि कुणी सोडून उठलं नाही, एवढीच दिवसाची कमाई.

मुलगा लांब उभा. दुओप.
बैठकीपुरती बंदूक काढून घेतलेली,
पण डावा खांदा अजून
तिच्या वजनाएवढा खाली.

मग न्याबुआय उठली.
(मला वाटलं, संपलं.)
ती झुडपामागे गेली
आणि गाय घेऊन आली.
राखाडी, एका कानाला चीर.
“ज्या रात्री हा झाला, त्याच रात्री ही झाली.
सासूनं दोघांना एकाच विस्तवाशी शेकलं.
घे. मोज.”

गाय खोटं बोलत नाही
हे थोआनला कुणी सांगायला नको होतं.
बंदुकीआधी त्याच्याही हातात गुराख्याची काठी होती.
तो उठला, शेणातून तसाच गेला,
जबडा उघडून दात पाहिले : जुळलेली.
मग शिंग धरलं,
आणि अंगठा टोकाकडून बुडाकडे सरकू लागला.
चौथ्या वर्षी पहिलं वेत, पहिली वळी.
पुढे वर्षाआड एक.
दुसरी. तिसरी. चौथी.
पाचवीशी अंगठा अडला.
“ही फार बारीक आहे.”
“पुराचं वर्ष. चारा नव्हता. वासरू जगलं नाही.”
“आमच्याकडेही त्या वर्षी...”
थोआन बोलता बोलता थांबला,
आणि पुढचं कुणी विचारलं नाही.

सहावी अगदी बुडाशी,
केसांत अर्धी लपलेली.
तो वाकला तेव्हा त्याच्या कपाळावरच्या
सहा रेघा शिंगाजवळ आल्या.
आकडा मोठ्यानं कुणीच म्हटला नाही.
त्यानं मडकं उचललं, पाणी प्यायला,
उरलेलं तिच्याकडे सरकवलं.

मी लिहिलं : चौदा.
‘पुरावा’ या रकान्यात लिहिलं : गाय.
कचेरीत हसतील. हसू देत.

दुओप जवळ गेला तेव्हा
गायीनं आधी त्याचा खांदा हुंगला,
तेल, गंज, जळकी दारू,
आणि मान मागे घेतली.
चाटलं ते बऱ्याच वेळानं.

यादीत अजून चार नावं आहेत.
त्यांच्यातल्या कुणाचीच गाय उरलेली नाही;
ज्यांची गुरं लुटली गेली
त्यांचीच पोरं आधी गेली.
निघताना मी थोआनला विचारलं, “गुरुवारी?”
तो बुटाचं शेण काडीनं खरवडत होता.
वर न बघता म्हणाला,
“आणा. जे असेल ते.”

आज बुधवार.
दाराबाहेर बायका बसल्यात.
एकीनं दाराची चौकट उपटून आणलीय,
तिच्यावर कोळशाच्या खुणा, अर्ध्या पुसलेल्या.
एक रिकाम्या हातांनी आलीय, नुसतीच बोलतेय.
आणि एकीच्या कापडाच्या गाठीत दुधाचा दात :
तो पडल्याला किती वर्षं झाली
ते ती बोटांवर मोजते,
चुकते,
पुन्हा अंगठ्यापासून सुरू करते.