शेरा : भरपूर

गंगापूर रोडवरचं कॉलेज, जिन्याखालची खोली.
आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग मी दिसते.
सत्तावीस वर्षं दर अमावस्येला
(पुण्य म्हणून नाही, लक्षात राहतं म्हणून)
गोळ्या बदलते, वाळवी बघते.
कपाटं बारा. सातव्याचं दार
गुडघ्यानं ढकलावं लागतं.

आत झाडं. देठाला पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके,
मुळं धुतलेली,
एक पान सुलटं, एक मुद्दाम उलटं,
पाठही दिसावी म्हणून.
मधे वाळवणाची वर्तमानपत्रं तशीच राहिलेली:
एकावर कांद्याचा भाव,
एकावर हरवलेल्या मुलाचा फोटो.
शीटच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी.
सातपूर शिवार, नाल्याकाठी, ओल्या मातीत.
१४ सप्टेंबर १९६३.
शेरा : भरपूर.

भरपूर.
तिथे आता कंपनीचं दुसरं गेट आहे.
त्याच गेटावर माझा भाऊ रात्रपाळीला बसतो.
नाला कुठे रे, विचारलं, तर म्हणाला
पाइप आहे खाली. वरून ट्रक जातात.

संग्राहक म्हणून छापलंय : प्रा. य. दा. गायधनी.
पण शीट उलटली की पेन्सिलीचं दुसरंच अक्षर,
मोठं, ओळ सोडून वर चढणारं :
"मासोळीचा डोळा. गुरं तोंड लावत नाहीत.
सरांना दम लागला, मी वर गेलो.
ला. बेंडकोळी, शिपाई."

चारशेएक शीटांवर असं काहीबाही.
इतक्या वर्षांत मीसुद्धा उलटून बघितलं नव्हतं,
हे इथे लिहून ठेवते.
बघितलं ते हेमांगी बहिरमनं. कळवणची पोर,
पीएच.डी.साठी येते, डबा आणते, नागलीची भाकरी.
तिला झाडांपेक्षा तारखांची ओढ.
फूल कोणत्या साली, कोणत्या दिवशी,
वहीत ठिपका. पुन्हा ठिपका.
महिन्याभरानं वही फिरवून दाखवली तर ठिपके
सप्टेंबरातून निघून
ऑगस्टात येऊन बसलेले,
कुणी हाकललं नसताना.

मग पानाचा नखाएवढा तुकडा मागितला.
भिंगाखाली छिद्रं मोजायची म्हणे,
त्या सालची हवा कशी होती ते पान सांगतं.
मी रजिस्टर काढलं, सही घेतली.
वजनाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.
नगण्य लिहा, म्हणाली.
लिहिलं.

एकोणीस सप्टेंबरला दोघी अंजनेरी चढलो.
हातात लहानूचा पत्ता :
"दुसऱ्या पठारावर, तळ्याच्या डाव्या अंगाला,
कातळ तव्यागत आहे तिथे.
बसून बघावं. उभ्यानं दिसत नाही."
दम मलाही लागला. आता वर जाणारं तिसरं कुणी नव्हतं.
तळ्याकाठी माकडं, चहाचे कागदी कप,
कुणाचं तरी ड्रोन घोंघावत होतं.
कातळ सापडला. बसलो.
बराच वेळ काही नाही.

मग एक रोप, वीतभर.
फुलं कधीच होऊन गेलेली,
शेंगा तडकून रिकाम्या.
याच तारखेच्या जुन्या शीटवर
कळ्या आहेत, घट्ट मिटलेल्या.
हेमांगीनं खुरपं पिशवीतून काढलं
आणि परत ठेवलं.
एकच आहे, म्हणाली.

खोलीवर येऊन मी कोरी शीट घेतली.
सुईत दोरा ओवला, आणि बसले तशीच,
टाका कशाला घालायचा?
जे मिळत नाही त्याला
आमच्याकडे कपाट नाही, क्रमांक नाही.
शेवटी चिठ्ठीच चिकटवली.
जागा, तारीख, उंची.
शेरा : एक.
पाठीवर पेन्सिलीनं : लहानूच्या खुणेवरून गेलो. बसून दिसलं.
आणि ठेवली 'भरपूर'च्या खाली, सातव्यात.

तपासणीला येतील ते विचारतील, नमुना कुठंय?
विचारू देत.

उद्या अमावस्या. गोळ्या संपल्यात.
मागणीपत्र दोनदा दिलं, ऑफिस म्हणतं
त्या खोलीत आहेच काय एवढं.