टोकन नंबर अकराशे सत्तेचाळीस

सभासदांच्या वहीत बाबांचं नाव
पंचांनी तांबड्या शाईनं खोडलंय,
पण पट्टी लावून, सरळ, नीट,
त्यामुळे अजून वाचता येतं:
इलियाजर शांतवन गोर्डे, परदेशीपुरा, इंदूर.

शेरा आहे, 'विश्वास त्यागला.'
तारीख अमोस गेल्यावरच्या चौदाव्या महिन्यातली.
त्याला पुरताना बाबांनी गीत म्हटलं नाही.
पुढे एका रविवारी प्रभुभोजनाचा पेला हातात घेतला,
शेजारच्याला दिला, तसाच भरलेला,
आणि चपला घालून बाहेर पडले.
सव्वीस वर्षं.

आता त्यांच्या फुफ्फुसात पाणी आहे
आणि पंचांसमोर माझा अर्ज,
आईच्या शेजारची जागा, सहा बाय तीन.

ओहोळकाका म्हणाले, एकदा तारला तो तारलाच.
लेकरू घर सोडून गेलं
म्हणून रेशनकार्डावरून नाव जातं का त्याचं?
मनोरमाबाई म्हणाल्या, जातं की.
माझ्या थोरल्यानं स्वतः अर्ज करून काढून घेतलं.
पाळकसाहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं,
ते तुटून तळाशी गेलं
आणि सगळे जरा वेळ त्या कपातच बघत बसले.

मी बोलले नाही.
बाबा देवाला विसरलेत, हे खरं.
पण देवावरचा रागही विसरलेत.
अमोस गेला हे विसरलेत,
दिवेलागणीला विचारतात, शाळेतून आला का.
ज्याला सोडलं तो आठवत नाही,
का सोडलं ते आठवत नाही,
मग ते सोडणं आता आहे कुठे?
फक्त वहीत?

मागच्या थंडीत, पाटणीपुऱ्याच्या चौकात
त्यांचा हात माझ्या हातात होता.
रविवारच्या शाळेत शिकवलं होतं आम्हाला,
पोराची पकड सुटते, बापाची सुटत नाही.
त्या दिवशी पोर ते होते, पकड माझी होती.
लौंग शेवेचे पैसे मोजायला मी हात सोडला,
मोजून वळले तर
गर्दी होती नुसती.

चार तासांनी सापडले मिलच्या फाटकाशी.
मिल बंद पडून जमाना झाला.
आत वेड्या बाभळी, धुराड्यावर घारीचं घरटं.
बाबा पहाऱ्यावरच्या पोराला सांगत होते,
अकराशे सत्तेचाळीस. साचेखातं. दुसरी पाळी.
त्या पोरानं स्वतःचं स्टूल दिलं होतं त्यांना
आणि म्हणाला होता, बसा काका,
भोंगा व्हायचाय अजून.

मिल मेली. साचे भंगारात गेले.
पण ज्यांचं देणं राहिलंय त्यांच्या कोर्टातल्या यादीत
हा नंबर आहे, मी बोट ठेवून पाहिलाय.
पैसे आले नाहीत. नाव आहे.

यावरून मी काही सिद्ध करत नाही.
देव म्हणजे मिल नव्हे,
आणि मनोरमाबाईंचा थोरला खरंच कधी परतला नाही.
निकाल पुढच्या बैठकीत. बाबा तेवढे थांबतील का,
ते डॉक्टर सांगत नाहीत.
अर्जावर छापलंय, 'सभासद आहे / होता',
नको तो शब्द खोडा.
मी पेन घेऊन बसले आणि पेनाचं टोपण चावलं.

रात्री त्यांना टेकवून बसवलं,
लहानपणी तेच म्हणायचे ती जेवणाआधीची प्रार्थना
मुद्दाम हळू म्हटली, मध्ये थांबत,
की एखादी ओळ ते उचलतील.
नाही उचलली.
पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसं
अदबीनं ऐकत राहिले फक्त.

मग मी दिलेला पाण्याचा पेला
दोन्ही हातांत धरला, थरथरत,
ओठांशी नेला नाही.
माझ्यापुढे केला, तसाच भरलेला.
म्हणाले, आधी तुम्ही घ्या, बाई.

मी घेतला.
थोडं पाणी चादरीवर सांडलं.
उरलेलं, अर्धं मी,
अर्धं त्यांनी.